दारावर पाटी नसलेलं हॉटेल

चहाच्या हॉटेलात सगळ्यात आधी जातं ते दूध. पत्ती डब्यात महिनाभर टिकते, साखर पावसाळ्यात फार तर ओली होते, कोळसा तर पडून राहिला तरी कुरकुरत नाही. दूध मात्र कुणासाठी थांबत नाही. उन्हाळ्यात सकाळी आलेलं निरसं दूध तीन-चार तासांच्या आत खळखळून उकळलं नाही तर फाटतं. उकळलेलंही दुपार टळेपर्यंत दोन-तीनदा तापवावं लागतं. उरलेलं संध्याकाळच्या ताज्या दुधात मिसळायचा मोह झाला, तर ताजंही नासतं. म्हणून चहावाला पहाटे दूध किती घ्यायचं ते ठरवतो, तेव्हा तो खरं तर आज किती माणसं येतील याचा अंदाज बांधत असतो.

हिशेब साधा आहे. एक लिटर दूध आणि तेवढंच पाणी उकळून उकळून पावणेदोन लिटरवर येतं. सत्तर मिलीचा कटिंग धरला तर त्यातून पंचवीस कप निघतात. पन्नास ग्रॅम पत्ती, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम साखर, चवीला आलं. पंचवीसमधले वीस कप गेले तर घातलेले पैसे आणि थोडी मजुरी सुटते, आठ-दहाच गेले तर घरचे पैसे घालावे लागतात. आणि एकही गेला नाही, तर संध्याकाळी पातेलं गटारात उपडं करायचं.

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी ‘सत्यसुधारक हॉटेल’ काढलं, तेव्हा त्यांच्यापुढे हाच हिशेब होता, फक्त एका फार मोठ्या अडचणीसह. गंगाराम महार समाजातले. छत्रपती शाहू महाराजांच्या राजवाड्याच्या चाकरीत होते. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून तिथल्याच सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज त्या वेळी बाहेरगावी होते. परतल्यावर त्यांच्या कानावर हे आलं, मारणाऱ्यांना शिक्षा झाली, आणि महाराजांनी गंगारामांना नोकरी सोडून स्वतःचा धंदा करायला सांगितलं, त्यासाठी मदतही केली. गंगारामांनी निवडला तो चहाचा धंदा. ज्याच्या हातचं पाणी लोक पीत नव्हते, त्यानं भर रस्त्यावर चहा विकायला बसायचं ठरवलं. ही निवड किती धीराची होती, ते आज सहज कळत नाही. शिवणकाम निवडलं असतं, लाकडाची वखार काढली असती, तर विटाळाचा प्रश्न इतका थेट आला नसता. कापड धुता येतं, लाकूड सुकवता येतं. चहा पोटात जातो.

त्या काळच्या हॉटेलांवर आणि खाणावळींवर जातीची पाटी असे. मालक कोणत्या जातीचा, हे वाचून माणूस आत जाई किंवा पुढे सरके. ती पाटी गिऱ्हाईकाला दिलेली हमीच होती, की इथे तुम्हाला विटाळ होणार नाही. गंगारामांनी तशी पाटी लावली नाही. महाराजांनी त्याबद्दल विचारलं आणि उत्तर ऐकून ते खूश झाले, अशी आठवण कोल्हापुरात सांगितली जाते. पण पाटी नसली म्हणून गावाला मालकाची जात ठाऊक नव्हती असं थोडंच आहे! हॉटेल उघडं होतं, शेगडी पेटलेली होती, कप धुऊन पालथे घातलेले होते, आणि सवर्ण गिऱ्हाईक येत नव्हतं.

मग महाराज स्वतः येऊ लागले. फेरफटक्याला निघालेला त्यांचा खडखडा, म्हणजे घोडागाडी, हॉटेलासमोर थांबे आणि महाराज चहा मागवत. एकट्यासाठी नव्हे, बरोबरच्या सगळ्या मंडळींसाठी. राजा पितोय म्हटल्यावर शेजारी बसलेल्या सरदाराला, कारभाऱ्याला, पाहुण्याला कप नाकारता येत नसे. कामासाठी, सहीसाठी येणाऱ्यांनाही गंगारामांच्या हॉटेलातला चहा घ्यावा लागे. १९१९ मध्ये महाराजांनी संस्थानातल्या विहिरी, धर्मशाळा, सरकारी इमारती अस्पृश्यांना खुल्या करण्याचे हुकूम काढले होते. पुढच्या वर्षी माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. हुकुमाचं महत्त्व कमी नाही, पण हुकुमानं फक्त अडवणाऱ्याचा हात धरता येतो. आत येऊन बाकड्यावर बसायला आणि कप तोंडाला लावायला हुकूम लागू होत नाही. ती जागा महाराजांनी स्वतः चहा पिऊन भरली. रस्त्यावर, दिवसाढवळ्या, चारचौघांच्या देखत, आणि एकदाच नव्हे तर पुन:पुन्हा.

हे पुन:पुन्हा येणं फार महत्त्वाचं आहे. पहिल्या दिवशी कुणी मोठा माणूस येऊन कप उचलतो, तेव्हा तो समारंभ असतो. पंधराव्या दिवशीही तोच माणूस येतो, तेव्हा ती सवय होते. दुधाचा हिशेब सवयीवर चालतो. समारंभाच्या दिवशी शंभर कप गेले आणि दुसऱ्या दिवशी पाच, तर मालकाचं त्या पाचच्या दिवशी जास्त नुकसान होतं, कारण शंभराच्या अंदाजानं त्यानं दूध घेतलेलं असतं. आजही एखाद्या चांगल्या हॉटेलाची कुणी तारीफ केली की आठवडाभर तिथे झुंबड उडते, आचारी कोलमडतो, नेहमीच्या माणसांना जागा मिळत नाही, ती दुसरीकडे वळतात. मग झुंबड ओसरते आणि नेहमीचेही परतलेले नसतात. हॉटेलावर माया असेल तर एका दिवशी दहा मित्र नेण्यापेक्षा दहा दिवस एकट्यानं जाणं त्याला जास्त उपयोगी पडतं.

कपाबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण भेदभाव बहुतेक वेळा दारात नसतो, भांड्यात असतो. वेगळा कप ठेवायचा, तो बाहेर खिळ्याला टांगायचा, ज्याचा त्यानं विसळून ठेवायचा, चहा वरून ओतायचा म्हणजे किटली कपाला लागणार नाही. दार उघडं ठेवून माणसाला बाहेर ठेवण्याचे हे सगळे प्रकार गावोगावी होते. म्हणूनच राज्यघटना लिहिताना हॉटेलाचा नुसता ओझरता उल्लेख पुरला नाही. पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश नाकारता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं गेलं. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानं तर उपाहारगृहातली भांडी वापरण्यापासून अडवणं हाही गुन्हा ठरवला. कायद्यात भांड्यांचा उल्लेख यावा, यातच किती काय आलं. मुंबई-पुण्यातल्या इराणी हॉटेलांबद्दल जुनी माणसं आजही हळवी होतात, त्याचं एक कारण तिथल्या बशीत आहे. संगमरवरी टेबलावर जो कप वकिलापुढे येई, तोच धुऊन हमालापुढे येई, आणि एका चहावर कितीही वेळ बसलं तरी कुणी उठवत नसे.

आज खिळ्याला टांगलेला कप दिसत नाही, पण डोळे उघडे ठेवले तर त्याचे भाऊबंद दिसतात. डिलिव्हरीच्या मुलाला आत बसू न देणं. सफाई कामगाराला कागदी कप आणि बाकीच्यांना काचेचा. कुणी मळक्या कपड्यांत आला की “पार्सल ना?” असं आधीच विचारणं. मालकाच्या मनात वाईट नसलं तरी हे घडतं, कारण पोऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. चांगल्या हॉटेलात हे सांगितलेलं असतं: भांडी एकच, रांग एकच, पाणी मागण्याआधी समोर. दाराशी माठ आणि दोन ग्लास ठेवले तर ते पुण्य खरं, पण त्या माठामुळे माणूस बाहेरच थांबत असेल तर तो माठ आत न्यावा.

खाणावळींची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार एकटा असे. बायकामुलं गावी. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळ्यांप्रमाणे झोपायचे. त्यांना जेवू घालत त्या खाणावळवाल्या बाया, बहुतेक कामगारांच्याच बायका किंवा विधवा. एकेका बाईकडे दहा-वीस माणसं दोन वेळा जेवत. पैसे पगाराला. म्हणजे महिनाभर बाईनं वाण्याकडून उधारीवर ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल उचलायचं, रांधून वाढायचं आणि महिन्याच्या शेवटी हातात आलेल्या पैशातून आधी वाण्याचं व्याजासकट भागवायचं. या खाणावळी सगळ्यांसाठी खुल्या होत्या असं म्हणणं खोटं ठरेल. गाव, तालुका, जात पाहूनच माणूस खाणावळ धरत असे. पण पोटाच्या बाबतीत त्या बायांनी जे केलं त्याला तोड नाही. संप झाला, पगार थांबला, तरी ताट थांबलं नाही. १९७४ च्या संपात कामगार जेवले ते या बायांच्या अंगावर वाढत गेलेल्या कर्जावर. दागिने गेले, भांडी गहाण पडली.

ही गोष्ट नेमकी पाहिली ती प्रेमाताई पुरव यांनी. मूळ गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात पायात गोळी झेललेल्या, नंतर मुंबईत गिरणी कामगारांच्या चळवळीत आलेल्या. सभांमध्ये कामगारांच्या हक्कांची चर्चा होई, पण त्यांना जेवू घालणाऱ्यांच्या कर्जाचा विषय कुठेच निघत नसे. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन काही वर्षं झालेली असताना, त्या बँकांकडून खाणावळवाल्यांना तारणाशिवाय छोटी कर्जं मिळवून दिली. एकीची हमी दुसरी घेई. ज्या बायांची सही कधी कुठे लागली नव्हती, त्या बँकेच्या काउंटरवर उभ्या राहिल्या. वाण्याच्या व्याजातून सुटलेला पैसा थेट ताटात आला. खाणावळीला आधार द्यायचा म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण. जेवणाची स्तुती तर सगळेच करत होते. मंडळानं उधारीचं गणित बदललं.

त्यानंतर जानेवारी १९८२ मध्ये अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि तो संप कधी मिटलाच नाही. जेवणारेच गावी परतले, गिरण्या बंद पडल्या. खाणावळ कितीही चांगली असली तरी जेवणाऱ्याचा पगार गेला की तीही जाते, हे इतक्या निष्ठुरपणे दुसऱ्या कुठल्या शहरानं क्वचितच पाहिलं असेल.

पुण्यात अन्नपूर्णाच्याच सुमाराला दुसरा मार्ग काढला गेला होता. १९७२ च्या दुष्काळानं होरपळलेली माणसं शहरात आली होती, धान्य महाग झालं होतं, आणि बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला पोटभर जेवण परवडत नव्हतं. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केलं. ना नफा ना तोटा, कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात झुणका-भाकर, भाजी, भात. हमालांच्या संघटनेनं हमालांसाठी काढलेलं, पण येईल त्याला वाढणारं. रिक्षावाला, विद्यार्थी, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेला गावाकडचा माणूस, कुणीही. इथे मालक कुणी एक नाही, त्यामुळे मालकाच्या मोठ्या मनावर काही अवलंबून नाही. ज्या माणसाला स्वस्त जेवण हवं होतं, त्याच्याच संघटनेनं चूल मांडली.

स्वस्त आणि भाकरी हे दोन शब्द एकत्र लिहायला सोपे आहेत. प्रत्यक्षात भाकरी हा हॉटेलातला सगळ्यात अवघड पदार्थ, आणि तो का अवघड ते जवळून पाहण्यासारखं आहे. पोळीची कणीक तासभर आधी मळून ठेवता येते, लाटायला चार हात लावता येतात. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते एकेका भाकरीपुरतं, फार तर दोन-तीनपुरतं, कढत पाण्यात मळावं लागतं. किलोभर पिठाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी, पीठ जुनं असेल तर जास्त कढत. पीठ दळून पंधरा-वीस दिवस झाले की त्याची विरी, म्हणजे असतो तेवढा चिकटपणाही, जाते. मग भाकरी थापताना कडा फाटतात, उचलताना मधोमध तुटते, आणि शिकाऊ बाई स्वतःच्या हाताला दोष देत बसते. दोष पिठाचा असतो. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. सुकू दिलं तर तडे जातात, वाफ त्यातून निसटते, भाकरी फुगत नाही. तवा मंद असेल तर भाकरी वाळून कडक होते. खालची बाजू भाजली की तवा सरकवून थेट आचेवर.

एका सराईत बाईच्या तव्यावरून तासाला चाळीस-पन्नास भाकऱ्या उतरतात. दुपारी दोनशे माणसं जेवणार असतील आणि माणशी दोन धरल्या, तर चारशे भाकऱ्या, पस्तीस-छत्तीस किलो पीठ, आणि तीन तवे सलग तीन तास. भाकरी अर्ध्या तासाच्या आत ताटात गेली पाहिजे, नाहीतर गार होऊन चामट होते, म्हणून आधी करून ढीग रचता येत नाही. त्या बाया साडेअकरापासून अडीचपर्यंत उठू शकत नाहीत. पिठलं त्या मानानं सोपं: किलोभर डाळीच्या पिठाला साडेचार-पाच लिटर पाणी, पीठ आधी गार पाण्यात कालवून घेतलं तर गुठळ्या होत नाहीत, पस्तीसेक माणसांना पुरतं. सगळी मेहनत भाकरीत आहे. म्हणून भाकरी दोन रुपयांनी महाग झाली की कुरकुर करू नये. ते पैसे पिठाचे नसतात, त्या तीन तासांचे असतात.

सरकारनंही स्वस्त ताटाचे प्रयोग केले. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. पुढे अनुदान बंद झालं आणि कितीतरी केंद्रांवर वडापाव आणि इडली विकली जाऊ लागली. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली: तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात, दहा रुपयांत. शहरात थाळीचा दर पन्नास धरून चाळीस रुपये सरकारचे, ग्रामीण भागात पस्तीस धरून पंचवीस. टाळेबंदीत याच थाळीनं कितीतरी लोकांना तगवलं, हे कुणी नाकारू नये. पण अशा केंद्राचा चालक रोज भाजी रोखीनं घेतो आणि त्याचे चाळीस रुपये नंतर येतात. ते लांबले की तो अगदी गिरणगावातल्या खाणावळवालीच्या जागी येऊन उभा राहतो: वाढायचं आज, पैसे कधी ते माहीत नाही.

आता गल्लीतल्या हॉटेलाकडे येऊ. सहा टेबलं, चोवीस खुर्च्या, एक आचारी, दोन वाढपी, भांड्यांना एक मावशी. दुपारी साडेबारा ते अडीच हा त्याचा सगळा दिवस. माणूस पंचवीस मिनिटांत उठला तर दोन तासांत शंभरेक जणांचं जेवण होतं. प्रत्येकजण जेवणानंतर पंधरा मिनिटं फोन बघत बसला तर साठ-पासष्ट. तेवढ्यावर भाडं निघत नाही. म्हणून गप्पा मारायच्या असतील तर चार वाजता चहाला जावं, तेव्हा मालकही मोकळा असतो.

या हॉटेलाला सगळ्यात मोठा आधार महिन्याच्या मेंबरांचा. साठ माणसांनी पाच तारखेच्या आत महिन्याचे पैसे आगाऊ भरले, तर मालक तेलाचे डबे आणि तांदळाची पोती घाऊक भावानं, रोखीनं उचलतो. तोच माल रोज किराणा दुकानातून किलोकिलोनं आणला तर महाग पडतो. आणि त्याला रोज सकाळी साठ ताटं नक्की माहीत असतात, त्यामुळे उरतं कमी. याची दुसरी बाजू म्हणजे खाडा. न सांगता गैरहजर राहिलं की एक ताट फुकट जातं. तेव्हा आदल्या रात्री आठच्या आत कळवायचं, कारण त्यानंतर भाजी निवडून झालेली असते, कडधान्यं भिजत पडलेली असतात. सकाळी अकराला कळवून खाड्याचे पैसे कापून मागणं हा अन्याय आहे, मग ते ताट पन्नास रुपयांचं असो की शंभराचं.

उधारीबद्दल लोक दोन टोकांना असतात. ‘उधार बंद’ची पाटी लावणारे, आणि कुणालाच नाही न म्हणता सहा महिन्यांत दुकान बंद करणारे. मधला रस्ता असतो, पण तो लिहून ठेवावा लागतो. माणशी मर्यादा ठरवायची, आठवड्याच्या जेवणाइतकी. वही दोन: एक गल्ल्यावर, एक गिऱ्हाईकाकडे, दोन्हींत एकाच वेळी नोंद. भांडणं पैशांवरून कमी आणि आकड्यांवरून जास्त होतात. आणि थकबाकीदाराचं नाव भिंतीवर कधीही लावू नये. ज्याचं नाव लागलं तो पैसे देत नाही, तो यायचाच बंद होतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या खोलीतले तिघेही.

गरजूसाठी कुणी आगाऊ ताटाचे पैसे भरून ठेवतं, ही चांगली पद्धत अलीकडे बऱ्याच ठिकाणी दिसते. ती फसते ती एका बारीक चुकीनं. फुकटच्या ताटाचं कूपन वेगळ्या रंगाचं असतं, किंवा फळ्यावर लिहिलेलं असतं की आज अमुक ताटं मोफत. मग ज्याला गरज आहे तोच येत नाही. भूक असते, पण सगळ्यांच्या समोर ते कूपन काढायची लाज वाटते. महिनाअखेर कूपनं तशीच उरतात आणि पैसे देणाऱ्यांना वाटतं की गरजू कुणी नाहीच. कूपन एकाच रंगाचं, एकाच छापाचं हवं, मेंबरचं असो की दान दिलेलं. आणि ते हॉटेलात वाटायचं नाही. मजूर अड्ड्यावर सकाळी काम न मिळालेल्यांना मुकादमाकडून, सरकारी दवाखान्यात समाजसेवकाकडून, बांधकामावर पाळणाघर चालवणाऱ्या ताईकडून ते पोचवायचं. माणूस हॉटेलात येताना गिऱ्हाईक म्हणूनच आला पाहिजे. वाढप्यालासुद्धा फरक कळता कामा नये, कारण त्याला कळलं की पहिल्यांदा डाळीचं ओगराळं अर्धं भरतं.

सगळ्यांना सामावून घेणं म्हणजे सगळ्यांचं सगळं एका पातेल्यात शिजवणं असंही नव्हे. मटणाच्या रश्श्याचं ओगराळं डाळीत बुडवायचं नाही, अंड्याचा तवा वेगळा, उपासाच्या साबुदाण्याला वेगळी कढई. ज्याला जे चालत नाही त्याला ते निर्धास्तपणे टाळता आलं, तरच तो शेजारच्या ताटात काय आहे याची काळजी न करता एकाच टेबलावर बसतो. कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा ओरपणाऱ्याच्या शेजारी वरणभात जेवणारा बसतो, तो याच भरवशावर. आणखी एक गोष्ट, जिच्याकडे पुरुष मालकांचं लक्ष क्वचितच जातं: मोरीपलीकडच्या संडासाला आतून कडी, दिवा आणि बादलीभर पाणी. एवढं असलं तर बाजारात भाजी विकायला बसणारी बाई, एकटी प्रवास करणारी मुलगी, दिवसभर सर्व्हे करत फिरणारी आशाताई दारातून आत येतात. नसेल तर दारावर कितीही मोठ्या अक्षरांत ‘सुस्वागतम’ लिहा.

आणि चहाबद्दल, कारण सुरुवात तिथून झाली. कोल्हापूर गुळाचं गाव, तिथे गुळाच्या चहाला मान आहे, पण तो सहज फाटतो. आलं निरशा दुधात टाकलं तर त्यातल्या एन्झाइममुळे दूध फुटतं, म्हणून ते आधी पाण्यात पत्तीबरोबर चांगलं उकळायचं. त्यातून त्याचा जोर मोडतो. दूध वेगळं तापलेलं असावं. दोन्ही एकत्र करून एक उकळी आली की पातेलं आचेवरून उतरवायचं, आणि गूळ त्यानंतर घालायचा, चढत्या उकळीत कधीच नाही. ढवळायचं, फडक्यातून गाळायचं, आणि सगळ्यांना सारख्याच कपांतून द्यायचं.

रात्री नऊला शेगडी विझते. गल्ल्याची नोंद होते, मावशी शेवटचे कप पालथे घालते. पातेल्याच्या तळाला पाऊण लिटर दूध उरलेलं असतं. ते कोमट होईपर्यंत थांबून मालक त्यात चमचाभर विरजण लावतो आणि झाकण ठेवतो. उद्या दुपारच्या ताकाची थोडीफार सोय झालेली असते.